अंड्यांचा टोप

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी मागच्या पडवीवर काठ चेपलेला एक अ‍ॅल्युमिनियमचा टोप असायचा. अंड्यांचा टोप. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही. आजी अंडे खायची नाही, आम्ही पोरे खायचो आणि सोमवारी कुणीच खायचे नाही, कारण सोमवारी घर शिवराक. यावर घरात कधी वाद झालेला मला आठवत नाही. टोप होता, म्हणून वाद लागला नसावा.

आता टोप नाही आणि वाद मात्र आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चुलतभावाने एक व्हिडिओ टाकला: गोव्यातल्या कुठल्याशा शाळेत ईस्टरच्या आधी पहिलीतली मुले अंडी रंगवताहेत. खाली त्याची ओळ, "आज अंडी, उद्या काय? शिगमो शिकवा म्हणावं." शिगमो म्हणजे आमचा शिमगा. मामेबहीण उसळली, "चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजारी खातात तेव्हा चालतं ना?" मग एका काकांनी महाराष्ट्र आणला. तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे सरकारने ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, हवे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे म्हणून. काका त्यावर खूश, मामेबहीण संतप्त. मध्येच कुणीतरी जास्वंदीचे सुप्रभात पाठवले. शेवटी सगळ्यांचे माझ्याकडे बोट: "तू तिकडं राहतोस, तू सांग."

तिकडे राहणाऱ्याला असे विचारले की त्याला मूठभर मांस चढते, आणि तो जे सांगतो त्यातले निम्मे तरी तिथे राहणाऱ्यांना लागू नसते. तेवढे वजा करून पुढचे वाचावे.

मी जर्मनीच्या पूर्व टोकाला, बाउट्झनमध्ये राहतो. गावात शिरताना पाटीवर दोन नावे दिसतात, बाउट्झन आणि बुदीशिन. दुसरे सोर्ब भाषेतले. सोर्ब हे इथले जुने स्लाव लोक, साधारण साठ हजार. घरात सोर्ब, कचेरीत जर्मन. घरात कोंकणी आणि भजनात, वर्तमानपत्रात, आजीच्या पोथीत मराठी, अशा घरातून आलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. सोर्बचेही दोन प्रकार, वरच्या लाउझित्सची (लाउझित्स हा इथला प्रदेश) वेगळी, खालच्या लाउझित्सची वेगळी. कुठली खरी, असे मी इथे कुणाला विचारलेले नाही. गोव्यात वाढलेला माणूस हा प्रश्न सहसा विचारत नाही.

या लोकांची अंडी बघायला लांबून माणसे येतात. माझी शेजारीण सत्तरी ओलांडलेली. पहिल्या वर्षी तिने मला टेबलाशी बसवले. अर्धा बटाटा पालथा ठेवला, त्यात वाकवलेला चमचा खोचला, चमच्यात मेण आणि खाली पणतीएवढी मेणबत्ती. हंसाचे पीस टोकाला कातरून कुणाचा त्रिकोण केलेला, कुणाचा शंकरपाळा. पीस मेणात बुडवायचे आणि लगेच अंड्यावर टेकवायचे. ओढायचे नाही, फक्त टेकवायचे. मेण निवायला श्वासभर वेळ मिळतो. मेण बसले तिथे रंग चढत नाही. आधी अंडे पिवळ्या रंगात, मग पुन्हा मेण, मग लाल, पुन्हा मेण, शेवटी काळा. म्हणजे फिक्याकडून गडदाकडे जायचे, आणि चुकलात तर परतीची वाट नाही. शेवटी अंडे ज्योतीच्या कडेला धरायचे (वर नाही, काजळी धरते), मेण चकाकले की फडक्याने पुसायचे, आणि तोवर केलेले सगळे एकदम दिसते. ओळीने काढलेल्या त्रिकोणांना ती लांडग्याचे दात म्हणते, ते घराची राखण करतात. माझे पहिले अंडे लांडग्याने चावल्यासारखे झाले होते.

एरवी घरी आम्ही सोपे करतो. फेब्रुवारीपासून कांद्याच्या साली कागदी पिशवीत साठवायच्या. दहा-बारा कांद्यांच्या साली अर्धा तास उकळून गाळल्या की तांबूस पाणी मिळते. त्यात चमचाभर व्हिनेगर घालायचे. आंबटाने कवच किंचित खरखरीत होते आणि रंग धरून ठेवते. कोथिंबिरीचे पान ओल्या अंड्यावर चिकटवून जुन्या पायमोज्यात घट्ट बांधायचे आणि त्या पाण्यात उकळायचे. सोडले की पान पांढरे उमटलेले. हळदीने पिवळे होते, ते सांगायला नको. जांभळ्या कोबीचे गंमतशीर आहे: पाणी जांभळे आणि रात्रभर ठेवलेले अंडे निळे निघते. कवच चुन्याचे, म्हणून. पांढरी अंडी घ्यावी लागतात, तपकिरीवर निळा मळकट दिसतो. शेवटी बोटभर तेल चोळले की चमक येते.

आता भावाच्या मुद्द्याकडे. त्याला वाटते अंडे रंगवणे म्हणजे देवळात क्रूस लावणे. माझ्या आसपासची बहुसंख्य माणसे कुठल्याच चर्चची सभासद नाहीत. या भागाने चाळीस वर्षे कम्युनिस्ट राजवट पाहिली. तरी ईस्टरच्या आठवड्यात पांढरी अंडी दुकानातून आधी संपतात. माझ्या मुलीच्या वर्गातली युक्रेनियन आई मेणाने रंगवते, पण पिसाऐवजी बारीक नळीच्या लेखणीने. तिची ही कला डिसेंबर २०२४ मध्ये युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली. इराणी कुटुंब २०-२१ मार्चला नवरोजच्या मांडणीत रंगीत अंडी ठेवते आणि त्यांचा येशूशी काही संबंध नाही. युरोपात मात्र त्यामागे साधा हिशेब होता. कोरेज्माच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य, पण कोंबड्यांना ते कुणी सांगितलेले नसे. साठलेली अंडी उकडून ठेवायची आणि उपवास सुटला की वाटायची. श्रावण संपल्यावर म्हापशाच्या मासळी बाजारात जी झुंबड उडते, तिच्याच जातीचे हे.

आणि शिगमो? ईस्टरच्या रविवारी इथले कॅथलिक सोर्ब पुरुष उंच काळ्या टोप्या घालून, सजवलेल्या घोड्यांवरून, गात गात एका गावातून दुसऱ्या गावात जातात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी घरी फोन करून सांगितले, "इथं घोडेमोडणी आहे, फक्त घोडे खरे आहेत." आमच्या डिचोली-सत्तरीत शिगम्यात लाकडी घोडा कमरेला बांधून नाचतात. ईस्टरही चंद्रावरच ठरतो: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. भावाला हे पाठवले तर तो म्हणाला, "म्हणजे त्यांनी आपलंच घेतलं." तिथे मी हात टेकले.

पण त्याच्यावर हसून मोकळे होता येत नाही, कारण व्हिडिओ मी नीट पाहिला. मुलांच्या हातातली अंडी प्लास्टिकची होती, तयार संचातली, सोबत चिकटवायचे ससे. एकही अंडे कुणी उकडले नव्हते. माझी तक्रार असेल तर ती ही. आणि ज्यांचा हा सण, त्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचे अंडे तर तिथे कुठेच नव्हते. एप्रिलच्या उकाड्यात चॉकलेट काय टिकणार? गोव्याच्या बेकऱ्या काजूच्या नाहीतर बदामाच्या मार्झिपानची, म्हणजे साखर घालून वाटलेल्या गोळ्याची, अंडी करतात, वर साखरेची फुले, हिरव्या वेली. काजूचा हंगाम नेमका तेव्हाच. आमच्या वाड्यावर एकच ख्रिश्चन घर होते. त्या आंटी पास्कांच्या फेस्ताला, म्हणजे ईस्टरला, आम्हा पोरांना ते अंडे द्यायच्या आणि आजीसाठी वेगळ्या वाटीत दोदोल, कारण बेबिंकात अंडी असतात आणि दोदोलात गूळ, तांदूळ, नारळ. त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. शाळेने त्यांच्यासारख्या कुणाला तासभर बोलावले असते तर मुले काजू वाटून मार्झिपान करायला तरी शिकली असती, आणि माझा भाऊही बहुधा काजू खात गप्प बसला असता.

इथले लोक फार शहाणे आहेत असे कुणाला वाटू नये. चॉकलेटच्या ईस्टर सशाचे नाव परक्यांच्या दबावाने बदलले, अशी आरोळी या देशात दर काही वर्षांनी उठते. सोर्ब नावांच्या पाट्यांवर रात्री कुणीतरी काळा रंग फासते. अंड्यावर लांडग्याचे दात काढणाऱ्या माझ्या शेजारणीला सीरियन कुटुंब वरच्या मजल्यावर आलेले आवडलेले नाही, आणि हे तिने मलाच सांगितले, मी जणू बाउट्झनचाच. मी तेव्हा काही बोललो नाही.

आणि पडवीवरच्या टोपाचे मी जे कौतुक केले, त्यात एक गोष्ट राहिली. त्या टोपाशेजारी कोनाड्यात एक कानतुटकी कपबशीही असायची. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कामाला येणाऱ्या माणसांची. तिच्यावरही घरात कधी वाद झाला नाही. टोप अन्नासाठी वेगळा होता, कपबशी माणसांसाठी, आणि लहानपणी मला दोन्ही एकाच फळीवरच्या वस्तू वाटत. भाऊ "मी अंडं खात नाही" म्हणाला असता तर तो टोपाचा प्रश्न होता. त्याच्या ताटाशी मला कर्तव्य नाही. "त्यांचं अंडं आपल्या पोरांच्या हातात कशाला" हे तो म्हणतो तेव्हा तो कपबशीबद्दल बोलत असतो. हे मी गटावर लिहिले. काका दोन दिवस गट सोडून गेले आणि परत आले, दर वर्षीप्रमाणे.

गेल्या वर्षी आई तीन महिने इथे होती. अंडी रंगवायचा दिवस आला तेव्हा ती धर्माबद्दल अवाक्षर बोलली नाही. "अठरा अंडी खाणार कोण?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि उकडणार कशात?" वरणाच्या पातेल्याकडे मी हात नेला तर तिने तो धरला. शनिवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात जाऊन, भाषा येत नसताना, दोन युरोंना एक निळा एनॅमलचा टोप घेऊन आली. हा अंड्यांचा. मग खुर्ची ओढून बसली आणि पायमोज्यांच्या गाठी बांधत राहिली. तिच्या गाठी माझ्याहून घट्ट, एकही पान सरकले नाही. अंडे तिने खाल्ले नाही.

यंदा मी साली उकळल्या, मुलीने आठ अंडी केली, दोन फुटली, ती आम्ही त्याच दिवशी मीठमिरी लावून खाल्ली. उरलेल्या सहांचा फोटो गटावर टाकला. भावाने काही लिहिले नाही. मामेबहिणीने टाळ्या पाठवल्या. आई बोलते कोंकणीत, लिहिते मराठीत. अर्ध्या तासाने तिचे उत्तर आले: "टोप घासलास का?"