नकाशा अकरा तास दाखवतो म्हणून

इंदूरच्या आमच्या वाहतूक कार्यालयात दर आठवड्याला कोणी ना कोणी व्यापारी मोबाइलवरचा नकाशा पुढे करून विचारतो, की मुंबई अकरा तासांवर असताना तुम्ही दोन दिवस का मागता? तो हिशेब मोटारीचा आहे, भरलेल्या ट्रकचा नाही, हे किती वेळा सांगावे? मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावरही ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. सेंधव्यानंतरचा बिजासन घाट तर खालच्या गिअरमध्येच उतरावा लागतो, आणि ब्रेक निकामी होऊन मानपूरपुढच्या गणपती घाटात किती माणसे गेली, हे इथे कोणाला ठाऊक नाही? मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 पासून 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत होता; त्यातसुद्धा चालकाला साधारणतः दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागदपत्र, तेसुद्धा 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत देते, म्हणजे मुंबईला तीन दिवस. मग ही घाई नक्की कोणाची?

वर ‘दोन टन जास्त टाका’ हा आग्रह! पकडले गेल्यास 20,000 रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि उतारावर तोच बोजा चालकाच्या मागे. काट्यावर वजन जास्त भरले, की मी माल उतरवतोच, मग कोणी कितीही रागावो.