‘एक गोळी चुरा, मूठभर मीठ टाका’: माशांच्या जंतांवरचा हा उपाय थांबवा

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतोय: ‘माशाची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी झाली की पोटात जंत समजा. मेडिकलमधून अल्बेंडाझोलची एक गोळी आणा, चुरून टँकमध्ये टाका, वर मूठभर खडेमीठ. पाणी बदलू नका, औषध वाया जातं. एकदा दिलं की काम झालं.’ हे वाचून लोक खरोखर तसं करतात आणि आजारी मासा आणखी खंगत जातो. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘पांढरी विष्ठा म्हणजे जंत.’ नेहमीच नाही. माशानं दोन दिवस खाल्लं नाही तर आतड्यातून नुसता चिकट स्राव बाहेर येतो, तोही पांढराच दिसतो. एंजल आणि डिस्कस या माशांमध्ये अनेकदा एकपेशीय परजीवी कारण असतात. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल लागतं, जंताचं औषध नव्हे. जंताची खात्रीची खूण गप्पी-मॉलीत दिसते: मासा एका जागी थांबला की गुदद्वारातून केसासारखे लाल धागे डोकावतात. हा कॅमालॅनस नावाचा गोलकृमी.

‘अल्बेंडाझोलची गोळी चुरून टाका.’ हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही. चुरा तळाशी बसतो, माशाच्या आतड्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. चघळायच्या गोळीतला गोडवा मात्र पाण्यात उतरतो आणि जिवाणूंचं फावतं. शिवाय सगळ्या जंतांना एकच औषध चालत नाही. पट्टकृमी आणि कल्ल्यांवरचे चपटे कृमी यांच्यावर प्राझिक्वांटेल काम करतं, पण कॅमालॅनसवर ते निरुपयोगी आहे. त्याला लेव्हामिसोल लागतं, जे शेळ्या-कोंबड्यांसाठी जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. लेबल नीट वाचा, त्यात दुसरं औषध मिसळलेलं नको. प्रमाण दर लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ भरला तरी ८५ लिटरच होतो आणि वाळू-दगड वजा केले की त्याहून कमी. औषध खऱ्या पाण्याच्या हिशेबानं मोजा. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, हवेचा पंप चालू ठेवा, दिवा बंद ठेवा, कारण हे औषध उजेडात खराब होतं.

‘मूठभर मीठ.’ गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, पाणी तोंडावाटे नव्हे, कल्ल्यांतून त्याच्या शरीरात आपोआप शिरतच असतं. त्यामुळे टँकमधलं मीठ आतड्यातल्या जंताला गाठत नाही. वनस्पती तेवढ्या जळतात.

आता सर्वांत घातक वाक्य: ‘पाणी बदलू नका.’ लेव्हामिसोल कृमीला जागच्या जागी मारत नाही, लुळं करतं. पकड सुटलेला कृमी विष्ठेबरोबर तळाशी पडतो. कॅमालॅनसची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते आणि तीही तळाशीच वळवळत राहतात. मासे ती टिपून खातात. तळ्यात या कृमीला पुढे जायला सायक्लोप्ससारखा सूक्ष्म जीव लागतो, पण काचेच्या टँकमध्ये तो माशाकडून माशाकडे थेटही पसरू शकतो. म्हणूनच २४ तासांनंतर सायफननं (पाणी ओढून घेणाऱ्या नळीनं) तळ कानाकोपऱ्यातून ओढून काढायचा आणि निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. हे टाळलं तर आधीची सगळी मेहनत फुकट.

‘एकदा दिलं की काम झालं.’ कल्ल्यांवरच्या अंडी घालणाऱ्या कृमींची अंडी प्राझिक्वांटेलनं मरत नाहीत. ती फुटून पिल्लं बाहेर आली की पुन्हा औषध द्यावं लागतं. कॅमालॅनससाठी दुसरा डोस दोन ते तीन आठवड्यांनी, त्यानंतर पुन्हा तळाची सफाई. आणि डोस टँकमधल्या प्रत्येक माशाला, ज्याच्या मागे लाल धागे दिसले त्या एकट्यालाच नाही, कारण धागे बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधीपासून कृमी आत वाढत असतात.