चाळीस घोडे आणि एक एसी

जुनी फियाट रिस्टोरेशनला काढली की लोक दोन प्रश्न विचारतात. "ॲव्हरेज किती देते?" आणि "एसी बसवणार का?" पहिल्याचं खरं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही. दुसऱ्याला पुण्याच्या एप्रिलात घामाघूम होऊन "हो" म्हणालो.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाटच, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे नवी होती तेव्हा. आता त्यातले काही घोडे पेन्शनीत निघाले असणार. उरलेल्यांतले तीन-चार एसीचा कॉम्प्रेसर खातो.

"साहेब, एसीचं काहीच नाही, दोन दिवसांत बसतो," एसीवाला म्हणाला. नाना पेठेत मारुती ८००चा जुना कॉम्प्रेसर मिळाला, तो इंजिनाशेजारी धरून बघितला आणि माणूस गप्प झाला. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्यावं लागलं. मग रेडिएटरपुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बसला. कंडेन्सर तापवतो ती हवा थेट रेडिएटरच्या तोंडावर, म्हणून इलेक्ट्रिक पंखा. पंख्याला करंट पुरेना, कारण सिग्नलला गाडी उभी राहिली की वीज बनवणारा डायनॅमोही जवळजवळ रजेवर जातो; म्हणून त्याच्या जागी कमी वेगातही करंट देणारा अल्टरनेटर. मग वायरमन आला, जुन्या वायरी दोन बोटांत चुरून दाखवल्या आणि म्हणाला, "ह्याच ठेवा. एसीबरोबर शेकोटी फुकट."

थोडक्यात, सून एकटी येत नाही, माहेर घेऊन येते.

इंजिनवाला मिस्त्री मात्र या सगळ्यावर नाराज होता. एसी चालू केला की कॉम्प्रेसरचा क्लच 'खट्' करून लागायचा आणि आयडलिंगला गाडी अशी थरथरायची की आरसा बघावा तर त्यात मागची गाडी एकाच्या जागी तीन दिसाव्यात. "कार्बोरेटर ट्यून कर," एसीवाला म्हणे. "तुझा डबा काढ," मिस्त्री म्हणे. खर्च दोघांचाही माझ्याकडेच.

एवढं करून गारवा टिकेना. तेव्हा मिस्त्रीने काचा बंद करून आत उदबत्ती लावली आणि धूर कुठून निघतो ते बघत आम्ही बाहेर उकिडवे बसलो. क्लच पेडलच्या भोकातून निघाला. स्टिअरिंगच्या दांड्याशेजारून निघाला. दाराच्या रबरातून, डिकीकडून, आणि पुढच्या दारातल्या घट्ट लावलेल्या छोट्या तिकोनी काचेतूनसुद्धा निघाला. शेजारच्या काकू जाताजाता नमस्कार करून गेल्या. सगळं रबर नवं घातलं. त्या तिकोनी काचेबद्दल मात्र मला आदर आहे. जरा तिरकी केली की वारा थेट छातीवर येतो, गॅस भरावा लागत नाही आणि मिस्त्रीही लागत नाही.

"ओरिजिनॅलिटी घालवलीस," माझा फियाटवाला मित्र मानेवरचा ओला रुमाल पिळत म्हणाला.

परवा कात्रजला निघालो. चढ लागला की एसी बंद, उतार लागला की चालू, असा करार गाडीशी झालाय. युनिट डॅशबोर्डखाली, त्यामुळे सगळा गारवा पायांकडे. शिवाय पाणी बाहेर नेणारी नळी कुठेतरी मुडपली होती, ते सौ.च्या चपलेत ठिबकत होतं.

"कसा वाटतोय एसी?" मी विचारलं.

"गुडघ्यांना छान वाटतोय," ती म्हणाली. "आता डोक्यासाठी ती छोटी काच उघडू का?"