काळ्या अस्वलाच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेतल्या माँटाना राज्यात काळ्या अस्वलाच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठीच्या माझ्या पोस्टमध्ये ते अस्वल बुजरं असतं असं लिहून मी लोकांना गाफील करतोय, तुमच्या बुलढाण्याकडे अस्वल समोर आलं की माणसाची काय गत होते ते मला माहीत नाही, आणि शिकाऱ्याला अस्वल ओळखायला शिकवणं म्हणजे मारायला शिकवणंच, तेव्हा पोस्ट डिलीट करा.

अहो, तुमच्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्यातलं आपलं अस्वल वेगळ्या जातीचं. वाघाच्या शेजारात वाढलेलं, दचकलं की सरळ अंगावर येतं, मादी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. अमेरिकेतलं काळं अस्वल घाबरलं की झाड गाठतं. मादी पिल्लांना झाडावर पिटाळते आणि खाली उभी राहून फुसफुसते, दात वाजवते, पंजा जमिनीवर आपटते, आणि हे बहुतेक वेळा नुसतं दटावणं असतं. निरुपद्रवी मी कुठेच म्हटलेलं नाही, ताशी 50 किमीच्या आसपास पळणाऱ्या जनावराला कोण म्हणेल!

आता शिकारीचं. पिल्लं झाडावर असली की खाली चरणारी मादी एकटीच वाटते, आणि पिल्लं सोबत असलेली मादी मारणं तिथे बेकायदा आहे, म्हणून मी लिहिलं की अस्वल दिसल्यावर लगेच नेम धरू नका, बराच वेळ नुसतं बघत बसा. रंगावर तर अजिबात जाऊ नका, कारण तिकडची कितीतरी काळी अस्वलं तपकिरी नाहीतर दालचिनी रंगाची असतात आणि त्याच डोंगरात ग्रिझली हे दुसरं, तपकिरी अस्वल पण आहे, ज्याला 1975 पासून कायद्याचं संरक्षण आहे. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड असतं, तोंड बाजूने बघितलं की मधे खोलगट, पुढची नखं लांब. काळ्याचं तोंड कपाळापासून नाकापर्यंत जवळपास सरळ, कान उभे, नखं आखूड आणि वाकडी. यातली एकच खूण बघून ठरवायचं नाही, कारण मान खाली घातलेल्या काळ्या अस्वलालाही वशिंड असल्यासारखं वाटतं. माँटानात तर ही ओळखीची परीक्षा पास झाल्याशिवाय काळ्या अस्वलाचं लायसन्सच देत नाहीत.

आकाराचं पण तसंच. शरद ऋतूत अस्वल दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातं, केस दाट होतात, त्यामुळे लहानसं अस्वल पण धिप्पाड दिसतं. म्हणून कान बघायचे. कान डोक्याच्या मानाने मोठे आणि जवळजवळ वाटले तर अस्वल लहान, उगाच गोळी घालू नका. मोठ्या नराचे कान डोक्याच्या दोन बाजूंना, बारके दिसतात.

आता सांगा, यात मारायला शिकवणारं वाक्य कुठलं? मला तर जवळपास सगळंच थांबायला सांगणारं दिसतं. शिकारच नको असं तुमचं मत असेल तर ठीक आहे, भारतात ती बंद आहे तेच बरं असं मलाही वाटतं. पण तिकडे सीझन कायद्याने उघडतो, माणसं लायसन्स घेऊन जाणारच आहेत, आणि त्यातला एखादा मराठी वाचक असेल तर त्याने ग्रिझलीवर किंवा पिल्लांच्या आईवर बार काढू नये एवढंच मला हवंय. त्यामुळे ती पोस्ट डिलीट करा ही तुमची मागणी काही मान्य नाही, सॉरी.