व्हिएन्नातली 'आंबट' कॉफी: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, माझ्या व्हिएन्नातल्या कॉफीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वय ६८ असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना? तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी व्हिएन्नाला जाऊन जुनी कॉफीहाऊसेस सोडली आणि कुठल्यातरी स्टुलावर बसून पाच युरोची आंबट, काळी, बिनसाखरेची कॉफी प्यायले, वर तिचं कौतुक केलं, तुम्हाला म्युनिकला मुलाकडे मिळाली तीही अशीच आंबट होती, आणि माटुंग्याच्या फिल्टर कॉफीपुढे हे सगळं फॅड आहे.

पहिलं मान्य. कॉफीहाऊसबद्दल लिहायलाच हवं होतं. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने ती संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, एका मेलांजवर (दुधाचा फेस घातलेली तिथली कॉफी) तासन्‌तास पेपर वाचत बसा, कोणी उठवत नाही. मीही बसले दोन दुपारी, छान वाटलं. पण तिथे माणूस बसायला जातो हो, कपातली बी कुठल्या डोंगरावरची हे तिथे फारसं कोणी विचारत नाही आणि मला तेच विचारायचं होतं.

आता आंबट. शॉटनटोरजवळ योनास राइंडल म्हणून कॅफे आहे (तिथे ट्रॅम वळायला १९६१ मध्ये खोलगट गोल स्टेशन केलं, तेव्हा महापौर होते फ्रान्झ योनास, म्हणून लोक त्याला योनासचं पातेलं म्हणायला लागले, तेच नाव कॅफेचं). तिथे केनियाची कॉफी मागितली. मुलीने काट्यावर पंधरा ग्रॅम पूड मोजली, थोडंसंच गरम पाणी ओतलं आणि थांबली, पूड इडलीच्या पिठासारखी फुगून वर आली, बुडबुडे फुटले, भाजताना आत अडकलेला वायू असा आधी बाहेर पडू द्यायचा असतो, मग हळूहळू बाकीचं पाणी. पहिला घोट मला पण नुसता आंबट लागला. पाच मिनिटांनी कप कोमट झाला आणि काका, करवंद! अगदी पिकलेलं, काळं, मागे जरा तुरट. कॉफी ही फळातली बी आहे, फार भाजली की तो फळाचा अंश जळतो आणि कडूपणा उरतो, कमी भाजली की राहतो, एवढंच आहे ते.

तुम्हाला म्युनिकला मुलाकडे जी मिळाली ती मात्र खरंच बिघडलेली असू शकते. दळण जाड राहिलं किंवा पाणी पुरेसं गरम नसलं की बीतला गोडवा उतरतच नाही, नुसती आंबट आणि पातळ लागते. ती चूक बनवणाऱ्याची. मलाही व्हिएन्नात एका ठिकाणी तशीच मिळाली, परत केली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मला कळतच नाही, राग आला होता खूप.

आणि माटुंग्याशी तुलना नकोच. ती कॉफी दुधासाठीच भाजलेली असते, बऱ्याचदा चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) घातलेली, दूध-साखर हा तिचा अर्धा जीव आहे. मी घरी रोज तीच पिते. पाच युरो जास्त आहेत हे खरंय, पण तिथल्या कॉफीच्या पाकिटावर गाव, मळा, उंची, सुकवायची पद्धत सगळं लिहिलेलं असतं, आणि चव तपासून शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले तरच तिला स्पेशालिटी, म्हणजे खास दर्जाची, म्हणतात. एका शेल्फवर तर 'रत्नगिरी इस्टेट' वाचून मी उडालेच, कोकणात कॉफी कधीपासून? तर ती चिकमगळूरची, बाबाबुदनगिरीची, जिथे सुफी संत बाबाबुदन कॉफीच्या सात बिया घेऊन आले अशी कथा सांगतात तोच डोंगर.

सप्टेंबरमध्ये तुम्ही व्हिएन्नाला जाणार आहात ना, तर प्राटरस्ट्रासवर बाल्थासार नावाचं कॅफे आहे, तिथे जा. आधी नळाचं पाणी मागा, ते १८७३ पासून थेट आल्प्सच्या झऱ्यांमधून शहरात येतंय, कॉफीचा बहुतेक भाग शेवटी पाणीच असतो. मग फिल्टर मागा (आपली दुधाची नव्हे, वर सांगितली तशी पाणी ओतून केलेली काळी), केनिया असेल तर केनिया. साखर घालायची तर जरूर घाला, पण अर्धा कप संपल्यावर.