आधी आई दाखवा : डिचोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डिचोलीकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडी लाज वाटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्यांवरच्या माझ्या आधीच्या लेखात 'विकत घेऊ नका, दत्तक घ्या' म्हणत मी पैसे मोजून कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरवलं, घरात लहान मुलं असताना कूळमूळ ठाऊक नसलेलं रस्त्यावरचं पिल्लू आणणं हाच खरा बेजबाबदारपणा, आणि दत्तक घ्यायला प्राण्यांच्या संस्थेत गेलं तर मुलगी मागायला आल्यासारख्या चौकशा करतात.

पहिला मुद्दा मान्य. सगळ्या ब्रीडरांना, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्यांना, मी एकाच दाव्याला बांधलं, ते चुकलं. पण चिडीमागचं कारण ऐका.

काही वर्षांपूर्वी आम्हीही विकतच लॅब्रॅडॉर आणला होता. फोनवर फोटो पाहिले, 'पंचेचाळीस दिवसांचं आहे' हे विकणाऱ्याचं ऐकलं, बँकेत पैसे भरले. पहाटे म्हापशाच्या बसस्टँडवर घाटावरून आलेल्या बसच्या डिकीतून क्लीनरनं केळ्यांचा खोका काढून हातात दिला. पेनानं भोकं पाडलेला. आत ओला झालेला पेपर, मुताचा भपकारा आणि टम्म पोटाचं पिल्लू. आम्ही खूश, किती गुबगुबीत आहे! डॉक्टरांनी जबडा उघडला तर दुधाच्या दाढा धड फुटलेल्या नव्हत्या. "पंचेचाळीस दिवस? जेमतेम महिन्याचं असेल," ते म्हणाले. पोट जंतांनी फुगलेलं. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्वो. या विषाणूची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, तेव्हा तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको. तीन दिवस सलाइन लावलं. मुलांचं नावावरून भांडण चालू होतं, ते तसंच राहिलं.

हे 'पंचेचाळीस दिवस' प्रकरण या धंद्यात सर्रास ऐकू येतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे ५६ दिवस. मधले अकरा दिवस विकणाऱ्याला महाग पडतात: पिल्लं खायला लागलेली असतात, लशीचा खर्च त्याच्या माथी येतो, आणि पिल्लू जितकं चिमुकलं तितकं गिऱ्हाईक लवकर विरघळतं. त्याच नियमांत ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेत होऊ द्यायचं नाही.

आता तुमच्या मुलांचा मुद्दा, कारण तो या अकरा दिवसांशीच जोडलेला आहे. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आई आणि भावंडांत शिकतं. भावाला जोरात चावलं की तो किंचाळतो, खेळ थांबतो. आईचं जास्त ओढलं की ती गुरकावून उठून जाते. ही शाळा अर्धवट सोडून आलेलं पिल्लू ते धडे तुमच्या धाकट्याच्या बोटांवर गिरवणार, मग कागदांवर आजोबा-पणजोबांची नावं असोत नाहीतर नसोत. केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, कागद वंश सांगतात, तब्येत आणि स्वभाव नाही.

म्हणून आता मी कुणाला 'विकत की दत्तक' असं विचारत नाही. आई पाहिलीत का, एवढंच विचारते. जिथं जन्मलं तिथं जाऊन, आईसोबत. अनोळखी माणूस दारात आल्यावर ती कशी वागते, अंगावर गोचीड किती, सड लोंबून गेलेत का, हे बघा. "ती गावी आहे", "आत्ताच झोपली" अशी उत्तरं आली की चप्पल घालायची. आणि लशीचं पुस्तक उघडायचं. बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरची सही नसेल तर 'टोचलंय' या शब्दाला काडीची किंमत नाही.

रस्त्यावरच्या पिल्लाची आई पुष्कळदा सापडत नाही, हे खरंच. त्यावर माझा उपाय पिल्लू न आणता मोठं कुत्रं आणण्याचा. आमची कुत्री तांबी दीडेक वर्षाची असताना आली. पावसाळ्याआधी शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल, उतरला आणि ती किनाऱ्यावर उरली. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच. संस्थेत तिला सांभाळणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, ही मुलांना सोसते, मांजराला नाही, फटाक्यांना पलंगाखाली जाते. तंतोतंत तशीच निघाली. एवढी माहिती कुठल्या पिल्लाबद्दल मिळते? आसगावचं इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, कुडचड्याचा गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट, दोन्हीकडे जाऊन बघता येईल.

आणि त्या चौकशा! घर भाड्याचं का, कुंपण आहे का, हे ठीक, मला विचारलं होतं, "चतुर्थीला मूळ घरी गेल्यावर हिला कोण बघणार?" राग आला होता, कारण उत्तर नव्हतं. शेजारच्या मावशींशी बोलून दोन दिवसांनी परत गेले.

तुम्ही साखळी गावातल्या ओळखीच्या घरातल्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लांबद्दल लिहिलंय. माझ्याकडून त्यांच्याविरुद्ध काही नाही, आई तिथंच आहे म्हणता. पण आज ती सहा आठवड्यांची असतील तर दोन आठवडे थांबा. बघायला जरूर जा, मुलांना मात्र घरी ठेवून. त्यांच्यासमोर नाही म्हणता येत नाही.