हॅरी-विल्यम बोलतात की नाही, हे मला कशाला सांगताय?

डोकं उठलंय आता, ब्रिटनच्या राजघराण्याचे फॉरवर्ड वाचून वाचून. हॅरीचं आणि विल्यमचं कुठे फाटलं, मेगनला सासरी काय काय सोसावं लागलं, हॅरीच्या मुलीला ठेवलेलं लिलिबेट हे पणजीचंच, म्हणजे एलिझाबेथ राणीचं, लाडाचं नाव कसं, सगळं तोंडपाठ! २०२४ च्या मार्चमध्ये विल्यमच्या बायकोने, केटने, मुलांसोबतचा फोटो टाकला, तर त्यात शार्लटच्या बाहीची कड जुळत नाही म्हणून चांगली शिकलीसवरलेली मराठी माणसं तो फोटो मोठा करकरून बघत होती. त्याच माणसांना विचारा, औंध संस्थान माहितीये का? "औंध ना? ते काय, बाणेरच्या शेजारी."

नाही हो! सातारा जिल्ह्यातलं औंध. जेमतेम बहात्तर गावांचं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. या माणसाने १९३९ साली स्वतःहून राज्यघटना लागू केली आणि कारभार गावच्या पंचायतींच्या हातात दिला. गांधीजींचा सल्ला घेऊन. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग काढला, कैद्यांना शेती करायला लावली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर जागा दिली, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचा तर ध्यास घेतलेला. डोंगरावरच्या त्यांच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्लंडचा नामांकित शिल्पकार हेन्री मूर याचं शिल्पसुद्धा. हेन्री मूर, अहो! हेच शिल्प लंडनला असतं तर तिकीट काढून रांगेत उभे राहिला असतात.

पण नाही. आम्हाला ६ मे २०२३ आठवतो तो चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी. सोन्याची बग्गी, सव्वादोन किलोचा मुकुट, कॅमिलाने काय घातलं, कोणाला कितव्या रांगेत बसवलं. ६ मे म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. १९२२ साली गेले ते याच तारखेला. कोल्हापूर सोडलं तर त्या दिवशी कितीजणांना आठवलं? आणि गंमत बघा (कसली गंमत, संताप येतो), शाहू महाराजही १९०२ साली लंडनला राज्याभिषेकासाठीच गेले होते, सातव्या एडवर्डच्या. तिथे असतानाच २६ जुलैला त्यांचा जाहीरनामा निघाला, मागासलेल्या जातींसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा. आम्ही लंडनकडे बघून मुकुटाचं वजन विचारतोय.

हे बोललं की उत्तर तयार असतं. "आता लोकशाही आहे, राजेबिजे कशाला?" बरोबर आहे. १९७१ ला संस्थानिकांचे सरकारी तनखे बंद झाले ते योग्यच झालं, मला कोणाच्या पालखीचा भोई व्हायचं नाही. मग ही लोकशाही बकिंगहॅमच्या सज्जासमोर कुठे जाते?

दुसरं उत्तर तर याहून भारी. "आपले संस्थानिक म्हणजे इंग्रजांचे मांडलिक, ऐषारामी." अरे, होते ना काही तसे! शिकारी, मोटारी, पॅरिसच्या वाऱ्या, सगळं होतं. पण ते ज्यांचे मांडलिक होते त्याच घराण्याच्या पतवंडांचे वाढदिवस तुम्ही लक्षात ठेवताय, त्याचं काय? मांडलिक वाईट आणि मालक गोड? १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि सरळ पाठ फिरवून निघून गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढा थयथयाट केला! नंतर दिलगिरीचं पत्र द्यावं लागलं हेही खरं, पण पाठ फिरवायची ती फिरवली.

थोडा राग घराण्यांवरही आहे. कुठे वाड्याचं लग्न-कार्यालय झालंय, कुठे कागदपत्रं कुलुपात. आणि वारसांची नावं सामान्य माणसाच्या कानावर पडतात ती उमेदवारी जाहीर झाली की. पण म्हणून आपण सुटतो का? लंडनला गेल्यावर डायनाच्या स्मारकापाशी फोटो काढायचाच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला ताराराणींची समाधी आहे, नवरा गेल्यावर ऐन पंचविशीत औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणाऱ्या ताराराणींची. महाबळेश्वरला दरवर्षी जाणाऱ्यांपैकी किती गाड्या तिकडे वळतात?

सध्या विषय काय, तर विल्यमचा थोरला, जॉर्ज, कुठल्या शाळेत शिकणार. त्यावर चर्चा, त्यावर मतभेद, त्यावर रुसवेफुगवे! मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा गोपाळ दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला आणि १९०६ साली त्याने सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले ते त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्यावर एक मेसेज येत नाही. जॉर्ज कुठेही शिकू दे नाहीतर घरी बसू दे, मला फॉरवर्ड करू नका.